मुरुमांच्या गोळ्या चालू असताना ट्रायग्लिसराइड वाढले आणि पाळी लांबली: औषध थांबवावे का?

चाफा, वर्तकनगर (ठाणे)

नमस्कार. हा प्रश्न माझ्या मुलीसाठी विचारत आहे. ती २२ वर्षांची असून ऐरोलीला नोकरी करते. दहावीपासून तिला गालांवर, जबड्याच्या कडेने आणि पाठीवर मोठे, दुखरे मुरूम येतात आणि आता त्यांचे खड्डे राहू लागले आहेत. मलमे वापरून झाली, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही घेऊन झाले, परंतु औषध संपले की काही आठवड्यांत सगळे पूर्ववत होते. अखेर नौपाड्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइन सुरू केले. पहिला महिना रोज २० मिलिग्रॅम दिले आणि त्यानंतर मात्रा ३० मिलिग्रॅम केली. तिचे वजन ५२ किलो आहे.

सुरुवातीला केलेल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) ११२ होते, ते आता २४६ आले आहे. एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ४८ वरून ४१ वर उतरले असून एसजीपीटी (यकृताची तपासणी) २४ वरून ४६ झाले आहे. तिची पाळी पूर्वीपासूनच अनियमित आहे, पण या वेळी ती नेहमीपेक्षाही लांबली. मागच्या वर्षी स्त्रीरोगतज्ज्ञांनी पीसीओडी (अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची तक्रार) असल्याचे सांगून सायप्रोटेरॉन आणि इथिनाइल इस्ट्रॅडिऑल असलेल्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. हार्मोनच्या गोळ्या इतक्या लहान वयात नकोत, असे घरातील मोठ्यांचे मत पडल्यामुळे त्या सुरू केल्या नाहीत.

आता मनात अनेक शंका आहेत. आयसोट्रेटिनॉइन हेही हार्मोनचेच औषध आहे का, आणि त्यानेच पाळी लांबली का? वाढलेले ट्रायग्लिसराइड पुन्हा खाली येते, की मुलीला कायमचे कोलेस्टेरॉल लागले? आमच्या सोसायटीत या गोळ्या फार गरम पडतात आणि पुढे मूल होत नाही, असे दोघी-तिघींनी सांगितले, तेव्हापासून मला झोप लागत नाही. डॉक्टरांची पुढची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत गोळ्या थांबवाव्यात का, हेही कळत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जीवरसायन, वाशी

ताई, मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत अनेक वर्षे जीवरसायन विभाग सांभाळला आहे, त्यामुळे रिपोर्टपुरते लिहितो. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध आहे. यकृतातून चरबी वाहून नेणारे जे कण रक्तात येतात, त्यांच्यावरील चरबी स्नायू आणि मेदपेशी काढून घेतात आणि त्यामुळे रक्तातील ट्रायग्लिसराइड आटोक्यात राहते. या औषधामुळे यकृतात अॅपोलिपोप्रोटीन सी-३ नावाचे प्रथिन अधिक तयार होते आणि ते नेमके चरबी काढून घेण्याच्या या कामात अडथळा आणते. चरबीचे कण रक्तात जास्त वेळ रेंगाळतात आणि आकडा चढतो. औषधाच्या माहितीपत्रकानुसार सुमारे २५ टक्के रुग्णांमध्ये ट्रायग्लिसराइड वाढते, सुमारे १५ टक्के रुग्णांमध्ये एचडीएल घटते आणि सुमारे ७ टक्के रुग्णांमध्ये कोलेस्टेरॉल वाढते. म्हणजे तुमच्या मुलीच्या रिपोर्टमधील बदल या औषधाच्या ओळखीचेच आहेत. औषध बंद झाल्यावर हे आकडे साधारणपणे काही आठवड्यांत मूळ पातळीवर परततात.

उपाशीपोटी १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आतले ट्रायग्लिसराइड सामान्य धरतात, २०० ते ४९९ वाढलेले आणि ५०० च्या पुढे फार वाढलेले. खरी भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची असते आणि ती मुख्यतः १००० च्या आसपास किंवा त्याच्या वर गेलेल्या आकड्यांशी जोडलेली आहे. २४६ हा आकडा त्यापासून बराच दूर आहे, तरीही तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण मूळ आकड्याच्या दुपटीहून तो अधिक आहे आणि उपचाराचा बराच भाग अजून बाकी असावा.

तुम्ही एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही. नमुना देण्यापूर्वी मुलगी किती तास उपाशी होती आणि आदल्या रात्री काय खाल्ले होते? ट्रायग्लिसराइड हा लिपिड प्रोफाइलमधला, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीतला, सर्वांत चंचल घटक आहे. घरी नमुना घ्यायला येणारी मुले सकाळी साडेसहाला दारात उभी राहतात आणि रात्री साडेदहाला जेवलेला माणूस आपण उपाशी आहोत असे प्रामाणिकपणे सांगतो. ही तपासणी १० ते १२ तासांच्या उपासानंतर व्हायला हवी. त्याबरोबर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) पाहिलेले नसेल तर तेही पाहावे, कारण थायरॉइड मंद असल्यास चरबीचे आकडे वाढतात आणि पाळीही बिघडते.

त्वचारोगतज्ज्ञ, नेरूळ

वरील उत्तर अचूक आहे. मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. आयसोट्रेटिनॉइन घेत असलेल्या कोणत्याही स्त्रीची पाळी लांबली, तर पहिली तपासणी लघवीची गर्भधारणा चाचणी असते. विवाहित असो वा अविवाहित, आम्ही ती प्रत्येकीला सांगतो आणि त्यात कोणाच्याही वागण्याविषयी शंका घेतलेली नसते. हे औषध चालू असताना गर्भ राहिल्यास बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत आणि चेहऱ्यात गंभीर व्यंगे निर्माण होऊ शकतात, आणि त्यासाठी औषध दीर्घकाळ घेतलेले असावे लागत नाही. म्हणूनच या औषधापूर्वी, उपचार चालू असताना आणि ते थांबवल्यानंतर एक महिना गर्भधारणा होऊ न देणे बंधनकारक असते. पुढच्या भेटीत पाच मिनिटे मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. आईसमोर अनेक मुली काही प्रश्न विचारत नाहीत आणि विचारले गेले तर खरे उत्तर देत नाहीत.

मूल होत नाही ही समजूत बहुधा याच इशाऱ्याचा विपर्यास होऊन पसरली असावी. औषध चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे आहे, एवढेच त्या इशाऱ्याचे म्हणणे आहे. औषध शरीरातून निघून गेल्यावर वंध्यत्व येते असा पुरावा नाही. सोरायसिससाठी दिले जाणारे अॅसिट्रेटिन हे याच कुळातील दुसरे औषध शरीरात फार काळ टिकते आणि ते थांबवल्यावर तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. दोन्ही औषधांविषयीची माहिती ऐकीव गप्पांमध्ये एकमेकांत मिसळते आणि आयांची झोप उडते.

आता हार्मोनविषयी. आयसोट्रेटिनॉइन हे हार्मोन नाही आणि ते अंडाशयावर उपचार करण्यासाठी दिले जात नाही. ते त्वचेतील तैलग्रंथींना आकाराने लहान करते, तेलाचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटवते आणि रोमछिद्रे तुंबण्याची क्रिया रोखते. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तेव्हापासून ते खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवरचे सर्वांत परिणामकारक औषध राहिले आहे. पाळीतील अनियमिततेचा उल्लेख त्याच्या माहितीपत्रकात आहे आणि काही रुग्णांमध्ये उपचाराच्या काळात पाळी पुढे-मागे होतानाही दिसते, परंतु तुमच्या मुलीची पाळी औषधापूर्वीपासूनच अनियमित आहे. जबड्याच्या कडेने येणारे मुरूम, अनियमित पाळी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलेली पीसीओडी ही तिन्ही एकत्र पाहिली, तर मूळ प्रश्न औषधाच्या आधीचा आहे असे मला वाटते.

हा मूळ प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. पीसीओएस (म्हणजेच वर आलेली पीसीओडी) असलेल्या अनेक स्त्रियांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे ते अधिक प्रमाणात तयार होते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. त्याच वेळी यकृतात तयार होणारे, या संप्रेरकांना बांधून ठेवणारे एसएचबीजी नावाचे प्रथिन ते कमी करते. परिणामी मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते, तैलग्रंथी सक्रिय होतात आणि मुरूम येतात. हेच इन्सुलिन यकृताला ट्रायग्लिसराइड अधिक बनवायलाही भाग पाडते. चेहऱ्यावरचे मुरूम, लांबलेली पाळी आणि रक्तातील चरबी या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत मांडल्या जातात, तेव्हा हा एकच धागा सुटून जातो. मुलगी बारीक आहे म्हणून ही शक्यता निकालात निघत नाही. आपल्याकडे वजन सामान्य असूनही पोटाचा घेर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेल्या मुली पुष्कळ दिसतात.

पुढचा उपचार काय असू शकतो? मात्रा आणि कालावधीचा हिशेब तुम्हाला माहीत असावा. पारंपरिक पद्धतीने संपूर्ण उपचारात दर किलो वजनामागे १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावे असे धरतात. ५२ किलोला ते कमीत कमी ६२४० मिलिग्रॅम होते. रोज ३० मिलिग्रॅमने हा टप्पा सुमारे सात महिन्यांत गाठला जातो आणि २० मिलिग्रॅमने दहा महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. त्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढल्यावर मात्रा कमी करून उपचार लांबवणे हा एक सरळ मार्ग असतो. २४६ या आकड्यावर मी स्वतः बहुधा औषध थांबवणार नाही. आहार पाहीन, योग्य उपासानंतर तपासणी पुन्हा करीन आणि त्यानंतर मात्रा ठरवीन. एसजीपीटीची वाढही सौम्य आहे, मात्र ती त्याच वेळी पुन्हा पाहावी. पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी तीव्र वेदना आणि उलट्या, असह्य डोकेदुखीबरोबर अंधुक दिसणे, डोळे पिवळे होणे, किंवा मुलगी अचानक खिन्न आणि एकाकी वाटू लागणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये.

राहिला प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गोळ्यांचा. त्या घरच्यांच्या समजुतीइतक्या भयंकर नाहीत. त्यातील इस्ट्रोजेन एसएचबीजी वाढवते आणि सायप्रोटेरॉन पुरुषी संप्रेरकांचा मार्ग अडवते, त्यामुळे पीसीओएसमधील मुरुमांवर त्या चांगल्या लागू पडतात. दोन सावधगिऱ्या मात्र खऱ्या आहेत. पहिली रक्ताच्या गुठळीची. २०१३ मध्ये फ्रान्सने याच कारणावरून अशा गोळ्यांची विक्री स्थगित केली होती आणि त्याच वर्षी युरोपीय औषध नियामकांनी आढावा घेऊन, इतर उपचार अपुरे पडलेल्या मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी त्यांचा वापर योग्य ठरवला. घरात कमी वयात गुठळी झाल्याचा इतिहास, धूम्रपान, उच्च रक्तदाब किंवा डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी असल्यास तसे आवर्जून सांगावे. दुसरी सावधगिरी तुमच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन स्वतःच ट्रायग्लिसराइड वाढवते. दोन्ही औषधे एकत्र देता येतात आणि गर्भधारणा टाळण्यासाठी तशी दिलीही जातात, परंतु तुमच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसलीच पाहिजे.

सागरिका, खारघर

काकू, मी हा उपचार पूर्ण केला आहे, म्हणून तुमच्या मुलीच्या वयाच्या अंगाने लिहिते.

माझेही ट्रायग्लिसराइड वाढले होते. डॉक्टरांनी मला तेल-तूप पूर्ण बंद करायला सांगितले नाही, उलट ही कॅप्सूल स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबरच घ्यायला सांगितली, कारण उपाशीपोटी घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. मी रात्री पोळी-भाजी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घेत असे. बंद झाले ते ऑफिसमधले दोन गोड चहा, बाटलीबंद सरबते, संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव आणि रात्री उशिराचा भाताचा डोंगर. साखर, मैदा आणि मद्य यांनी ट्रायग्लिसराइड सर्वांत लवकर वाढते, हे मला तेव्हा नीट समजले. गणपतीत मोदक खाल्ले, पण तपासणीच्या आदल्या दिवशी नाही.

व्यायामाविषयीही डॉक्टरांना विचारावे. मी टेकडी चढायला जात असे आणि या गोळ्यांवर पाठ व पोटऱ्या नेहमीपेक्षा जास्त दुखत. जड व्यायामानंतर लगेच रक्त दिल्यास यकृताच्या तपासणीतले काही आकडेही स्नायूंमुळे वाढलेले दिसू शकतात, असे मला सांगितले होते. ओठ फुटतात, डोळे कोरडे होतात, ऊन सहन होत नाही. वॅक्सिंग मात्र अजिबात करू देऊ नका, त्वचा सोलून निघते. संपूर्ण उपचारात आणि त्यानंतर सहा महिने ते टाळायचे असते.

चाफा, वर्तकनगर (ठाणे)

तुम्हा तिघांचे मनःपूर्वक आभार. मुलीला शेजारी बसवून सगळे वाचून दाखवले. आदल्या रात्री आमच्याकडे हळदीचे जेवण होते आणि नमुना सकाळी पावणेसातला घेतला, म्हणजे उपास जेमतेम आठ तासांचा झाला. गर्भधारणा चाचणी तिने स्वतःहून केली, ती नकारात्मक आली. डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची कल्पना तिला आवडली, आणि खरे सांगायचे तर मलाही पटली.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केस गळत असल्यामुळे ती बायोटिनच्या गोळ्या घेते आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून एक मल्टिव्हिटॅमिनही घेते. ते चालेल का? शिवाय हार्मोनच्या तपासण्या आता करून घ्याव्यात का?

जीवरसायन, वाशी

बायोटिनविषयी विचारलेत हे फार बरे झाले. थायरॉइड आणि इतर हार्मोनच्या अनेक तपासण्यांच्या रसायनात बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते बाहेरून भरपूर आले की आकडे खोटे येतात. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते आणि काही हार्मोन खोटेच वाढलेले दिसतात. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिनची मात्रा शरीराच्या रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असते. तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावे आणि नमुना घेणाऱ्याला तसे सांगावे. लिपिड प्रोफाइल या वेळी रात्री आठला साधे जेवण करून सकाळी सातला द्यावे, आणि शक्यतो पहिल्याच प्रयोगशाळेत द्यावे, म्हणजे दोन रिपोर्टची तुलना करता येईल.

त्वचारोगतज्ज्ञ, नेरूळ

मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावर अ जीवनसत्त्व आहे का ते पाहा. असल्यास ते बंद करावे, कारण आयसोट्रेटिनॉइनचे दुष्परिणाम आणि जादा अ जीवनसत्त्वाचे दुष्परिणाम एकाच जातीचे असून ते एकमेकांत भर घालतात. माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूलनाही हेच लागू आहे.

हार्मोनच्या तपासण्या करायच्या असतील तर हीच वेळ योग्य आहे, कारण स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गोळ्या तिने सुरू केलेल्या नाहीत. त्या एकदा सुरू झाल्या की टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजीचे आकडे निदानासाठी निरुपयोगी होतात आणि तपासणीसाठी निदान तीन महिने गोळ्या थांबवाव्या लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि सकाळच्या वेळेचे १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन यांविषयी विचारावे, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणीही करून घ्यावी. केवळ उपाशीपोटीची साखर सामान्य आली म्हणून इन्सुलिनचा प्रश्न नाही, असे म्हणता येत नाही.

पीसीओएस निश्चित झाल्यास आयसोट्रेटिनॉइन संपल्यानंतर मुरूम परतण्याची शक्यता अधिक राहते, म्हणून पुढची योजना आत्ताच विचारून ठेवावी. इस्ट्रोजेन नको असेल तर स्पायरोनोलॅक्टोन हा एक पर्याय असतो. ते त्वचेवरील पुरुषी संप्रेरकांचा परिणाम अडवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत स्त्रियांच्या मुरुमांवर त्याचा उपयोग दिसला आहे. त्याने पाळी पुढे-मागे होऊ शकते, गर्भधारणा त्याच्यावरही टाळावी लागते आणि ते पोटॅशियम वाढवते. निरोगी तरुणीमध्ये ही वाढ क्वचितच त्रासदायक ठरते, पण घरात कमी सोडियमचे मीठ वापरत असाल तर त्यात पोटॅशियम असते, हे डॉक्टरांना सांगावे.

औषधविक्रेता, कळवा

दुकानात रोज दिसते म्हणून थोडेसे लिहितो. घरात जुन्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या उरल्या असतील तर मुरूम उसळला म्हणून त्या आयसोट्रेटिनॉइनबरोबर देऊ नका. दोन्ही एकत्र घेतल्यास डोक्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी ३० चे २० केले, तर उरलेल्या कॅप्सूल मैत्रिणीला किंवा बहिणीला देऊ नयेत. कॉलेजच्या मुली एकमेकींची पाकिटे वापरतात आणि नवीन पाकीट मागायला चिठ्ठीशिवाय येतात, त्यांना मी परत पाठवतो. ऑफिसमध्ये रक्तदान शिबिर असेल तर औषध चालू असताना आणि संपल्यावर एक महिनाभर मुलीने रक्त देऊ नये, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते.